लघवीची डबी आणि रविवारची कोंबडी

लघवीची डबी काउंटरवर ठेवताना बायकांचा आवाज आपोआप खाली जातो. रक्त द्यायला आलेली बाई मोकळी असते. शुगर किती, थायरॉइड किती, सगळं चारचौघांत सांगते. युरिन कल्चरवाली मात्र डबी रुमालात गुंडाळून आणते आणि बरोबर कुणी असेल तर त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवून मग आत येते. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी मायक्रोबायॉलॉजीच्या टेबलावर काम करते, गर्दी असली की काउंटरही सांभाळते. फॉर्म भरताना आम्ही एवढंच विचारतो, "आधी कधी झालं होतं का?" त्यावर हमखास उत्तर येतं ते न विचारलेल्या प्रश्नाचं. "तशी मी फार स्वच्छ असते हो, ताई."

मलेरिया झालेला माणूस कधी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. डास चावला, संपलं. लघवीचं इन्फेक्शन मात्र बाईच्या चारित्र्याच्या दोन पायऱ्या खालीच जाऊन बसतं. कुणी स्पष्ट बोलत नाही, पण पाणी कमी पितेस, लघवी तुंबवतेस, कुठल्या तरी घाणेरड्या संडासात गेली असशील, अशी यादी घरातूनच सुरू होते. यादी खोटी नाही. लघवी अडवून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, हे खरंच आहे, आणि मुंबईत लघवी अडवायची हौस कुणाला नसते. 2011 पासून इथे ‘राइट टू पी’ची चळवळ चालू आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा तिचा अगदी सुरुवातीचा मुद्दा. बाजारात पाटी घेऊन बसणारी कोळीण दुपारपर्यंत पाण्याचा घोट टाळते. विरारहून सकाळची लोकल पकडणारीही टाळते. तेव्हा दोष कुणाच्या स्वच्छतेचा आणि कुणाच्या संडासांचा, हे आधीच विचारायला हवं होतं. पण मला आज या यादीच्याही मागे जायचं आहे. तो जंतू मुळात तिच्या पोटात आला कुठून?

डबीचं आम्ही काय करतो ते सांगते. तारेच्या टोकाला एक चिमुकली कडी असते. लघवीत बुडवली की तिच्यात बरोबर 0.001 मिलिलिटर लघवी धरली जाते. ती मॅकॉन्की अगार या जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर रेघा ओढून पसरायची आणि प्लेट उलटी करून रात्रभर 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की लालसर पारदर्शक अगारवर गर्द गुलाबी ठिपके दिसतात. गोल, कोरडे, कडा नीट. शंभर ठिपके मोजले तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू, एवढा सरळ हिशेब. गुलाबी म्हणजे त्याने दुधातली साखर आंबवली. पुढच्या चाचण्या करायच्याच असतात, पण या टेबलावर काही वर्षं काढलेल्या माणसाला झाकण उचलताच येणाऱ्या वासावरूनच अंदाज येतो. ई. कोलाय. मूत्रमार्गाच्या साध्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा हाच सापडतो.

म्युनिकच्या थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो असतो आणि बहुतेकदा काही त्रास देत नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, गुदद्वार शेजारीच, त्यामुळे आतड्यातला जंतू मूत्राशयात पोचायला फार चालावं लागत नाही. आम्ही कॉलेजात शिकलो ते इतकंच. ज्याचं त्याचं पोट, ज्याचा त्याचा जंतू. या चित्रात प्रत्येक बाईचं इन्फेक्शन तिचं एकटीचं, घरगुती, म्हणूनच लाजेचं.

या चित्राला तडा गेला 2001 मध्ये. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात लघवीचं इन्फेक्शन झालेल्या मुलींचे नमुने एमी मँजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. को-ट्रायमॉक्साझोल या नेहमीच्या औषधाला दाद न देणारे जे ई. कोलाय निघाले, त्यांतले जवळजवळ निम्मे एकाच कुळातले होते. तेच कूळ मिनेसोटा आणि मिशिगनमधल्या नमुन्यांतही सापडलं. एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका, मध्ये हजारो किलोमीटर, आणि जंतू मात्र एका घरातले. साथीच्या रोगात दिसावं तसं हे दृश्य होतं, फक्त या आजाराला कुणी कधी साथ म्हटलंच नव्हतं. इतक्या लांबवरच्या माणसांत सारखं काय पसरू शकतं? त्यांनी बोट दाखवलं ते अन्नाकडे, अजून शक्यता म्हणूनच.

पुढे मँजेस मॉन्ट्रियलमध्ये हाच धागा धरून राहिल्या आणि संशय बराचसा कोंबडीवर येऊन थांबला. मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले लान्स प्राइस, सिंडी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम 2018 मध्ये छापून आलं. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ या छोट्या शहरात त्यांनी 2012 मध्ये वर्षभर दुकानांतलं मांस विकत घेतलं आणि त्याच काळात तिथल्या रुग्णालयातले लघवीचे आणि रक्ताचे ई. कोलाय जमवले. मांसाच्या साधारण 80 टक्के नमुन्यांत ई. कोलाय होता. हे ऐकून दचकायचं कारण नाही, कच्च्या मांसावर तो असतोच. खरी गोष्ट जनुकांत सापडली. एसटी131 नावाचं एक कूळ माणसांत इन्फेक्शन करण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याची एक शाखा, एच22, कोंबडी आणि टर्कीच्या मांसात होती आणि रुग्णांतही होती. रुग्णांतल्या काही जंतूंजवळ असं एक प्लाझ्मिड, म्हणजे जनुकांचं सुटं कडं, सापडलं जे पक्ष्यांच्या शरीरात राहणाऱ्या ई. कोलायची खूण मानलं जातं. म्हणजे कोंबडीकडून माणसाकडे. त्याच गटाने 2023 मध्ये हिशेब मांडला की फ्लॅगस्टाफमधल्या ई. कोलायच्या इन्फेक्शनपैकी सुमारे 8 टक्के मांसातून आलेली असावीत. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रुग्णांवरून हाच आकडा 18 टक्क्यांपर्यंत गेला, आणि गरीब वस्त्यांत तो अधिक होता.

अन्नातून आलेलं इन्फेक्शन म्हटलं की आपल्याला जुलाब-उलट्या आठवतात. काल रात्री काय खाल्लं, ते शोधायचं आणि त्या गाडीवाल्याला शिव्या द्यायच्या. हा जंतू तसा वागत नाही. पोटात आला की काहीच करत नाही. ना कळ, ना जुलाब. आतड्यातल्या गर्दीत पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखा गुपचूप ठाण मांडतो, आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, संधी मिळाली की मूत्रमार्गातून वर चढतो. त्याच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला एक प्रथिन असतं, ते मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला घट्ट धरतं. लघवीच्या धारेने मग तो वाहून जात नाही. कुठल्या रविवारचं जेवण ते, कोण सांगणार?

आता प्लेटीकडे परत येते, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची प्लेट ही दुसरी असते. सापडलेला जंतू तिच्यावर गालिचासारखा सलग पसरायचा आणि वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं. मोठ्या लॅबमध्ये हे काम आता यंत्र करतं, पण वर्तुळ डोळ्यांनी पाहण्यात जे कळतं ते छापील रिपोर्टात कळत नाही. अँपिसिलिनच्या चकतीला खेटून जंतू आलेला. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्याही. को-ट्रायमॉक्साझोल गेलं. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनभोवती वर्तुळ बरेचदा अजून असतं, ते बघून बरं वाटतं. जिने आयुष्यात अँटिबायोटिक क्वचितच घेतलं आहे अशा तरुण मुलीच्या प्लेटवर ओळीने ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा, असं लिहावं लागतं तेव्हा मी थोडी थांबते. ही औषधं तिने खाल्ली नाहीत. तिच्या जंतूने आधी कुठे तरी पचवलेली आहेत.

कुठे, याचं एक उत्तर पोल्ट्रीच्या शेडमध्ये आहे. ब्रॉयलर साधारण 40 दिवसांत विकायला तयार होतो. दाटीवाटीने वाढणाऱ्या हजारो पक्ष्यांना आजार होऊ नये आणि वजन लवकर धरावं म्हणून खाद्यात-पाण्यात अँटिबायोटिक मिसळायची पद्धत जगभर रुजली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2014 मध्ये दिल्ली आणि आसपासच्या कोंबडीचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. कोलिस्टिन हे औषध आपण आयसीयूत शेवटचं अस्त्र म्हणून राखून ठेवतो, तेही खाद्यात पडत होतं. 2015 च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं एमसीआर-1 नावाचं जनुक डुकरांत, बाजारच्या मांसात आणि रुग्णांतही सापडलं आहे, आणि ते एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये जनावरांसाठी, पोल्ट्रीसाठी आणि मत्स्यशेतीसाठी कोलिस्टिन बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. उशिरा का होईना, हा निर्णय मला मनापासून आवडला.

हे सगळं परदेशी सुपरमार्केटातल्या बंद पाकिटातल्या कोंबडीबद्दल आहे, आमचं वेगळं, असं नवरा म्हणतो. वेगळं आहेच. आमच्या लालबागच्या दुकानासमोर पहाटे ट्रक लागतो, जाळीच्या क्रेट उतरतात, कोंबड्या जिवंत. गटारीच्या आदल्या दिवशी रांग पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाते. रांगेत उभं राहून मी एकदा नीट बघत होते. क्रेटमधून कोंबडी काढली, काट्यावर ठेवली, मान कापून निळ्या ड्रममध्ये टाकली. आतली फडफड थांबली की पोऱ्याने बाहेर काढून कातडी एका ओढीत सोलली, बोटांनी पोट उघडून आतडं बाहेर काढलं आणि त्याच हाताने ती बादलीतल्या पाण्यात बुडवून लाकडी ठोकळ्यावर ठेवली. सत्तूर चार-पाच वेळा आपटला, करी कट तयार. काळी पिशवी, गाठ, "अजून काय?" पुढची कोंबडी त्याच बादलीत. पाणी सकाळपासून किती वेळा बदललं, ते मी विचारलं नाही, रांग मागून ढकलत होती. ताजं आहे यात शंका नाही. पण कोंबडीच्या आतड्यातला जंतू तिच्या मांसावर येतो तो याच क्षणाला, आणि एका कोंबडीचा सगळ्यांना वाटला जातो तो त्या बादलीत. पोऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला तासाला अमुक कोंबड्या काढायच्या असतात आणि दुकानात नळ नाही.

एवढं वाचून कुणी ‘बघा, आम्ही म्हणत होतोच’ म्हणत शाकाहाराचा झेंडा उचलू नये. माझ्या टेबलावर काळबादेवीच्या, कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या घरांतल्या डब्याही येतात, आणि त्यांतही तेच गुलाबी ठिपके. रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर पिकलेला पालक आपण सगळ्यांनीच लोकलच्या दारातून पाहिलेला आहे. जर्मनीत 2011 मध्ये ई. कोलायच्या एका भयंकर प्रकाराने चार हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक गेली, कित्येकांच्या किडन्या बंद पडल्या. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेतकऱ्यांनी ट्रकच्या ट्रक फेकून दिले. शेवटी दोषी निघाली मोड आलेली मेथी. सॅलडमधली.

आणि कोंबडीच्या विरोधातला पुरावाही एकतर्फी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्रिटनमध्ये 2019 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सेफॅलोस्पोरिन औषधांना दाद न देणारे ई. कोलाय रुग्णांच्या रक्तातून, माणसांच्या शीमधून, सांडपाण्यातून, मांसातून आणि शेणातून गोळा केले. माणसांच्या रक्तात गंभीर इन्फेक्शन करणारी कुळं मांसातल्या कुळांपेक्षा बहुतांशी वेगळी निघाली. हे जंतू माणसाकडून माणसाकडे जात असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संडासहून आल्यावर हात धुवा, हा त्यांचा सल्ला. मला दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. शंभरात आठ किंवा अठरा मांसातून आले तरी बाकीचे दुसरीकडून आलेच ना? पण मुंबईत हे आठ-अठरा कमी असतील असं समजायचं कारण मला दिसत नाही, आणि इथे लघवीच्या इन्फेक्शनच्या बायका इतक्या आहेत की आठ टक्केसुद्धा मोठा जमाव होतो.

खाल्लं आज आणि आजार दुसरीकडेच उगवला, हे पुण्याने जानेवारी 2025 मध्ये सोसलं. सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले, आकडा दोनशेच्या वर गेला. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली ताकदच जाणं, काहींना व्हेंटिलेटर. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. दूषित पाण्यावर ठपका आला, कोंबडीकडेही नजरा वळल्या. हा जंतू पक्ष्यांच्या 41-42 अंशांच्या अंगात मजेत राहतो. त्याच्या वेष्टनातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात, त्यामुळे जंतूवर सोडलेली फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. तेव्हा आमच्या घरी दोन आठवडे कोंबडी आली नाही. मग नेहमीप्रमाणे आली.

घरात भांडण आहे ते धुण्यावरून. सासूबाई मालवणच्या. पिशवीची गाठ सुटली की कोंबडी मोरीत, वरून तांब्याने धो धो पाणी, मग हळद-मीठ चोळून पुन्हा पाणी. मी म्हणते, धुऊ नका. शिंतोडे उडतात, जंतू मोरीभर होतात, शिजवताना 74 अंशांच्या वर सगळं मरतंच, रस्सा तर उकळतो. त्यावर त्यांचं ठरलेलं, "आमी इतकी वर्सां धुवनच खातंव. कोणाक काय झालां?" यावर तोंड उघडायची सोय नसते. शिवाय त्या दुकानातली बादली मी पाहिलेली, तेव्हा धुऊ नका म्हणताना माझाही जीव थोडा अडखळतो.

म्हणून मी अमेरिकेच्या कृषी खात्याचा 2019 चा प्रयोग शोधून वाचला. कोंबडीच्या तुकड्यांवर ओळखता येईल असा निरुपद्रवी ई. कोलाय लावून लोकांना स्वयंपाक करायला सांगितला होता, सोबत सॅलड. कोंबडी धुणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू सापडले. इथवर मी जिंकले होते. 26 टक्के धुणाऱ्यांच्या सॅलडमध्येही जंतू पोचले. आणि न धुणाऱ्यांच्या? 31 टक्के. त्यांनी कोंबडी धुतली नाही, पण हातही नीट धुतले नाहीत.

हा आकडा मी सासूबाईंपासून लपवला नाही. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो अगदी नेमका. कोंबडीचे हात धुवायचे तर तांब्या कोण धरणार? चाळीत पाणी सकाळी तासभर, बाकी दिवसभर पिंपातलं. बरबटलेल्या हाताने तांब्या उचलायचा, पिंपात बुडवायचा, मग त्याच तांब्याने घेतलेल्या पाण्याने कांदा धुवायचा, लिंबू धुवायचं. रस्सा उकळला तरी पानात कांदा कच्चाच पडतो. विळीचंही तेच. कोंबडी आणि कांदा एकाच पात्यावर, मध्ये फक्त फडक्याची एक फेरी.

आता कांदा-लिंबू-कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवायची, मगच पिशवीची गाठ सोडायची. कोंबडी धुतलीच जाते, पण खोल पातेल्यात, हलक्या हाताने, मोरीच्या कठड्यावर नाही. पाणी ओतायला दुसरं माणूस लागतं, कारण धुणाऱ्याने पिंपाला हात लावायचा नाही. ते काम रविवारी सकाळी नवऱ्याकडे आलं आहे. पेपर वाचता वाचता तो तांब्या तिरका करतो, पाणी भलतीकडे पडतं, आणि सासूबाई त्याला जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.